तिसऱ्या दिवसाची नोंद

४ जून

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा भेंडी चिरत होते. 'ध्रुव-सातची वाट'वर सिनेमा निघतोय म्हणे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं पुस्तक. दोन आवृत्त्या झाल्या, आता कुठं मिळतही नाही. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं पुस्तक समजून माझ्याकडं आला नाहीत ना? नाही म्हणाले. दिग्दर्शक तुमच्या कोल्हापूरचाच आहे, पुढच्या आठवड्यात भेटायला येईल.

करारात एक कलम बरं आहे. सिनेमा पटला नाही तर पडद्यावरून माझं नाव काढून घेता येईल.

सदुसष्टाव्या वर्षी हे. भाजीत मीठ दोनदा पडलं.

९ जून

निखिल आला. तिशीतला, शाहूपुरीत वाढलेला, आता मुंबईत. आठवीत असताना शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक नेलं होतं, परत केलंच नाही म्हणाला. मी त्याच्या शाळेतली बाई असल्यासारखा (जन्मभर शाळेतच शिकवलं म्हणा) खुर्चीच्या टोकावर बसला आणि माझंच पुस्तक मला सांगितलं. भाऊ ध्रुव-सात यानातून जातो. संपर्क तुटतो. बहीण रेवा टेकडीवरच्या केंद्रात रोज कानाला हेडफोन लावून बसते. रोज वहीत लिहिते, आज काही ऐकू आलं नाही. तीस वर्षं. शेवटच्या प्रकरणात हाक येते.

"मुलींच्या वर्गात सगळ्या रडल्या होत्या मॅडम."

मग हळूच म्हणाला, "फक्त यान नाही दाखवणार. आपल्याकडं यान दाखवलं की लोक हसत्यात."

"मग भाऊ जातो कुठं?"

"खाली. सह्याद्रीच्या पोटात प्रयोगाचा बोगदा. नाव पाताळ-सात."

मी इतकी हसले की ठसका लागला. आकाशातलं पोरगं पाताळात. एक यंत्रमानव आहे, तो विनोदी. एक गाणं आहे, हळदीचं. नियंत्रण कक्षात हळद कुणाची, विचारलं. "ते बघू," म्हणाला.

म्हटलं, काय घालायचा तो गोंधळ घाला, शेवट तेवढा ठेवा. हाक आली पाहिजे. यावर मात्र त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "त्यावर जरा बोलायचंय. पटकथा पाठवतो."

संध्याकाळी नेसरीहून प्रशांतचा फोन. "आत्ती, सिनेमा निघणार म्हणं!" याला कुणी सांगितलं देव जाणे. मागून त्याच्या आईनं फोन घेतला.

"वन्सं, त्येंच्यावरचा सिनेमा व्हय?"

म्हटलं, अगं सुशीला, पुस्तकावरचा.

"एकच की."

तिच्यापुरतं एकच. तिनं आयुष्यात पूर्ण ऐकलेलं हे एक पुस्तक. प्रशांत सहावीत असताना त्यानं वाचून दाखवलेलं. तिचा नवरा, माझा भाऊ श., घर सोडून गेला त्याला अडतीस वर्षं झाली. तिच्या गळ्यात अजून मंगळसूत्र आहे. "तुमी त्या पुस्तकात बसलाईसा, तशी मी हितं बसलोय," असं ती मला एकदा म्हणाली होती. अभिमानानं म्हणाली होती.

२६ जून

पटकथा आली. खालच्या दुकानातून छापून आणली, स्क्रीनवर माझे डोळे चालत नाहीत.

रेवाला स्कूटर दिली आहे. पुस्तकातल्या शास्त्रज्ञ काकांचा खलनायक केला आहे. यंत्रमानव लेझीम खेळतो. माझं एक वाक्य सापडलं, पान बारा. ते यंत्रमानवाच्या तोंडी.

पान एक्केचाळीस. मध्यंतर. भाऊ जाऊन तिसरा दिवस. रेवा एकटी. दिवा लुकलुकतो. भावाचा आवाज येतो. ती ऐकते. ओळखते. आणि यंत्र बंद करते. बाहेर येऊन सगळ्यांना सांगते, काही आलं नाही.

उभ्यानं वाचत होते. खाली बसले.

हे माझ्या पुस्तकात नाही. माझ्या पुस्तकात रेवा कधी एक दिवस चुकत नाही.

हे कुणाला माहीत नाही. कुणालाही.

२७ जून

इतकी वर्षं रोजनिशी लिहिते, एकाही वहीत हे नाही. आज लिहिते.

श. माझा पाठचा भाऊ, पाच वर्षांनी लहान. वडील, आबा, मुरगूडला शेती बघायचे. मी इथं मंगळवार पेठेत खोली घेऊन राहायची, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. बेंगळुरूला संशोधनाची जागा मिळाली होती, ती सोडली, कारण श. माझ्याकडं राहून डिप्लोमा करत होता आणि त्याला एकट्याला टाकून जाता येईना. शेवटच्या वर्षाला त्यानं डिप्लोमा सोडून दिला. मला न सांगता. लग्न झालेलं, सुशीलाला पाचवा महिना. मुरगूडला आबांशी भांडण झालं, आबा म्हणाले, परत तोंड दाखवू नको. हा भरल्या ताटावरून उठला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मगदूमकाकांनी खालच्या दुकानातून हाक मारली. बाई, ट्रंक कॉल! गेले. ऑपरेटर म्हणाली, हुबळीहून आहे, बोला. मग त्याचा आवाज. "आक्का, मी बोलतोय." पुढं आणखी काहीतरी म्हणाला. मी रिसीव्हर ठेवून दिला.

काकांनी विचारलं, कुणाचा? राँग नंबर म्हटलं.

मनात एकच होतं. उद्या परत करील. उद्या बोलू. एक दिवस कळू दे त्याला.

त्यानं परत फोन केला नाही.

आठव्या दिवशी आबा इथं आले. तुला काही कळवलं का त्यानं, विचारलं. मी नाही म्हटलं. त्या वेळी हुबळी म्हटलं असतं तर आबा त्याच पावली गेले असते. पण मग आठ दिवस का बोलली नाहीस, हे सांगावं लागलं असतं. वाटलं, येईलच की दोन दिवसांत. मग महिना झाला. मग प्रशांत जन्मला. मग सांगायची जागाच राहिली नाही.

आबा "मीच घालवला पोराला" म्हणत गेले. मी उशाशी होते. सुशीलासुद्धा इतकी वर्षं आबांनाच बोल लावते. मी एकदाही तिला अडवलं नाही.

आणि दहा वर्षांनी मी वाट बघणाऱ्या बहिणीचं पुस्तक लिहिलं. शाळांतून मुलींची पत्रं यायची. बाई, रेवासारखी बहीण सगळ्यांना मिळो.

३ जुलै

निखिलला बोलावून घेतलं. चहा नाही, काही नाही. विचारलं, हे पान एक्केचाळीस तुला कुणी सांगितलं?

तो गांगरला. "कुणी नाही मॅडम. पुस्तकातच आहे ते."

"पुस्तकात नाही."

पिशवीतून तीच शाळेची प्रत काढली, शिक्का अजून आहे. वहीच्या नोंदींचं प्रकरण उघडलं. म्हणाला, "बघा. रोज ती फक्त लिहिते, काही ऐकू आलं नाही. एवढंच. तिसऱ्या दिवशीपण तेच लिहिते. पण त्या एकाच दिवशी ती उठून हात धुते. आठवीत असल्यापासून डोक्यात आहे माझ्या. काहीच ऐकू आलं नसेल तर हात का धुते?"

वाचून बघितलं. आहे. 'रेवाने नोंद केली, उठली, हात धुतले.' मी कधी लिहिलं ते आठवत नाही.

धुतले होते. मगदूमकाकांच्या दुकानातून वर आले, साबण लावून धुतले आणि पेपर तपासायला बसले. त्या दिवशी सगळं लिहिलं म्हणतानासुद्धा ते लिहिलं नव्हतं.

तो म्हणाला, "चुकलं का माझं?"

म्हटलं, पुस्तक लिहिणारीचं चुकलं असेल. जा आता.

२ ऑगस्ट

नाव काढून घेण्याचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं आहे. महिना झाला. पाकीट आहे, तिकीट आहे.

मगदूमकाकांच्या जागी नातू बसतो, त्याच्या मोबाइलला जुन्या फोनच्या घंटेचा आवाज आहे. दुपारी वाजतो. खाली जाऊन म्हटलं, बाबा, बदल तेवढा. त्यानं लगेच बदलला. बिचारा. तरी तीनच्या सुमाराला ऐकू येतो. काल दोनदा जिन्यापर्यंत गेले. आज तीनच्या आधीच महाद्वार रोडला जाऊन उगाच सुया-दोरा घेऊन आले. घरात दोऱ्याची सात रिळं आहेत.

पत्र का पाठवत नाही ते कळत नाही. सिनेमा खोटा असता तर पाठवलं असतं.

१४ सप्टेंबर

शूटिंगला गेले. जाणार नव्हते. पन्हाळ्याच्या वाटेवर एक बंद गोदाम आहे, त्यात नियंत्रण कक्ष उभा केलाय. पत्र्याला चंदेरी रंग, लाल-हिरवे दिवे. माझ्या शाळेतली प्रयोगशाळा यापेक्षा भारी होती. यंत्रमानवाच्या आतला माणूस घामानं डबडबून वडापाव खात होता.

रेवाचं काम करणारी मुलगी गिरिजा. पाया पडली. नेमकं पान एक्केचाळीस चाललं होतं. तिनं हेडफोन ओरबाडून काढला, बटण खाडकन दाबलं. परत केलं. परत केलं. निखिलला पटेना. माझ्याकडं वळून म्हणाला, "मॅडम, काही सांगाल?"

गप्प बसायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघून गेलं.

"असं कुणी आपटत नाही. राग फार असला की माणूस हळू ठेवतो. आणि लगेच हात काढत नाही. हात त्याच्यावरच ठेवून थांबतो जरा. परत वाजेल म्हणून."

गिरिजानं मान हलवली आणि केलं. हेडफोन हळू ठेवला, तळवा त्यावर पालथा ठेवला, थांबली. मला दिसायचं बंद झालं, चष्मा पुसायला घेतला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निखिलनं नाही वाजवल्या. तो माझ्याकडं बघत होता.

घरी सोडायला तोच आला. वाटेत खड्ड्यांबद्दल बोलला, उसाच्या गाड्यांच्या दरवर्षीच्या गर्दीबद्दल बोलला. दाराशी म्हणाला, "मॅडम, तो सीन काढू का? तुम्ही म्हणा, काढतो. कारण विचारणार नाही."

नको म्हटलं.

आत येऊन टेबलावरचं पत्र फाडलं.

१० जानेवारी

सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला सुशीला आणि प्रशांत नेसरीहून आले. तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, डब्यात माझ्यासाठी खवा. "वन्सं, सिनेमाला मी धा वर्सांनी आलोय."

पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा प्रशांतनं शिट्टी मारली. सदतीस वर्षांचा घोडा. यंत्रमानवाच्या लेझमीला थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. सुशीलापण हसली, तोंडाला पदर लावून.

मग तिसरा दिवस. आवाज आला. "ताई, मी आहे." बोगद्यातून घुमल्यासारखा, खोल. गिरिजानं हेडफोन ठेवला. तळवा पालथा. थांबली.

मागं एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मेली!"

सुशीलानं माझा हात धरला. मला वाटलं, कळलं. दिवे लागले, मध्यंतर झालं, तरी सोडेना. मग बघितलं तर ती रागानं लाल झालेली.

"तुमचं नाव कशाला घालू दिलासा ह्येला? असली भन असत्या काय? तुमी कवा असं केला असता व्हय?"

बाहेर निखिल उभा होता, लोक हात मिळवत होते. मी अडवेपर्यंत ही त्याच्यासमोर. "ओ पावणं. ह्या बाईनं अडतीस वर्सं भावाची वाट बघितल्या. तुमी तिलाच पापिणी केला. लाज वाटती का न्हाय?"

निखिलनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्याला सांगता आलं असतं. त्यानं हात जोडले. "चुकलं मावशी," म्हणाला.

मी तिथंच. त्या दोघांच्या मध्ये. पर्स धरून.

एका वार्ताहरानं विचारलं, सिनेमा पुस्तकापासून फार लांब गेलाय, लेखिका म्हणून काय वाटतं? म्हटलं, मला बरं वाटत नाही, नंतर बोलू.

१६ जानेवारी

पेपरात आलं, 'मूळ कादंबरीची मोडतोड, लेखिका व्यथित'. मी असं काही बोललेच नव्हते.

मुली, म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थिनी, आता त्यांचीच लग्नाची पोरं, फोन करतात. बाई, आमची रेवा ती नव्हेच. बाई, तुम्ही नाव काढून घ्या. एका वाचक मंडळाला माझा सत्कार करायचा आहे आणि निषेधाचा ठराव. रविवारी. पुस्तकातला शेवट मी वाचून दाखवायचा.

पण खरी भीती वेगळी आहे, ती इथं लिहिते. मला श.चा आवाज आठवेना झाला आहे. अडतीस वर्षं तो आवाज माझ्याकडं होता. दुसरं काही नव्हतं, तो होता. आता डोळे मिटले की 'आक्का, मी बोलतोय' येतच नाही. 'ताई, मी आहे' येतं. बोगद्यातलं, घुमणारं. त्या नटाचं. मगदूमकाकांचं दुकान आठवू गेलं तर चंदेरी पत्रा आणि हिरवे दिवे दिसतात, आणि रिसीव्हरवर जो हात आहे तो गिरिजाचा आहे, नखांना रंग लावलेला.

काल दुपारभर बसले. त्याचा लहानपणाचा आवाज आला. पाढे म्हणतानाचा. पुढचा नाही आला.

१७ जानेवारी

मंडळाला कळवलं, येणार नाही. सत्कार नको, ठराव नको. कारण विचारलं. म्हटलं, रविवारी नेसरीला जायचं आहे.

१९ जानेवारी

सांगितलं.

नेसरीला साडेअकराला पोचले. सुशीला गोठ्यात होती. दोन म्हशी, एक रेडकू. "अगं बया, वन्सं, कळवायचं तरी!" हात धुऊन आली, चहा ठेवला. प्रशांत दूध संस्थेतून जेवायला घरी आला होता. दोघं समोर होते म्हणून मग थांबले नाही.

शशिकांतचा फोन आला होता. तिसऱ्या दिवशी. मी घेतला आणि ठेवून दिला. सिनेमात आहे ते खरं आहे. पुस्तकात आहे ते मी रचलं.

पूर्ण नाव घेतलं त्याचं. किती वर्षांनी.

प्रशांत आधी हसला. मग माझं तोंड बघितलं आणि ताटावरून उठला. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

सुशीला चहाकडं बघत होती. उतू गेला तरी बघत होती. मी गॅस बंद केला. मग ती उठून गोठ्यात गेली. मी बसून राहिले. तासभर असेल. तिनं म्हशींना पाणी पाजलं, शेण भरलं, सकाळी झाडलेलं परत झाडलं. मी दाराशी गेले तर म्हणाली, "हितं येऊ नगासा."

आत आली ती एकच विचारत. "कुठनं आलता फोन?"

"हुबळीहून."

"हुबळी." मग म्हणाली, "हितनं तीन तास. आमचा मामा जायचा की कापूस घिऊन. सकाळी जाऊन सांजच्याला माघारी." बोटं मोजल्यासारखी हलवत होती. "तवाच सांगितला असता तर माझा भाऊ आण्णा गेला असता. कन्नड चांगलं येत व्हतं त्येला. घराघरात इचारला असता."

माझ्या पिशवीचा बंद मी सोडला आणि परत बांधला.

"आबांस्नी मी काय काय बोलल्यालो. मेल्यावरबी."

"माझ्यामुळं," म्हटलं.

"व्हय. तुमच्यामुळंच की."

मग जवळ आली. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं खाली बसून विचारलं, अगदी हळू, "काय म्हणालं ते? शब्द सांगा. हाय तसं."

"आक्का, मी बोलतोय."

"फुडं?"

पुढं काहीतरी होतं. ते खरंच होतं. एक शब्द सुरू झाला होता आणि मी ठेवला. तो 'सु' होता का? सुशीला म्हणत होता का? की 'सगळं' होतं, की 'सांग'? मी डोळे मिटले. बोगदा. चंदेरी पत्रा.

"आठवत नाही गं. सिनेमा बघितल्यापासून तोच आवाज येतोय."

"सिनेमातला न्हवं." तिचा आवाज फाटला. "आमचं. आमच्या मानसाचं काय ते सांगा."

आलं नाही. खोटं सांगता आलं असतं. 'सु' म्हणाला म्हटलं असतं तर एवढ्यावर ती उरलेलं आयुष्य जगली असती. जिभेवर आलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी तेच केलं होतं, लोकांना हवं ते लिहिलं होतं. नाही म्हटलं.

दीडच्या गाडीला बसले. स्टँडपर्यंत कुणी आलं नाही. खवा आणलेला तिचा डबा परत द्यायचा राहिला, तो पिशवीतच.

२ फेब्रुवारी

दोन आठवडे नेसरीहून काही नाही. प्रशांतनं फोन उचलला नाही, मी तीनदा केला. चौथ्यांदा केला नाही.

निखिलचा फोन येऊन गेला. सिनेमा बरा चालला आहे. म्हणाला, "लोक तुमच्या बाजूनं मला शिव्या देतायत, देऊ देत." म्हटलं, त्यांना खरं सांगितलंस तरी चालेल. तो म्हणाला, "माझं काम सिनेमापुरतं होतं मॅडम."

प्रकाशकांना तिसरी आवृत्ती काढायची आहे, मुखपृष्ठावर गिरिजाचा फोटो टाकून. प्रस्तावना मागतात. विचारलं, मजकुरात काही दुरुस्ती? तिसऱ्या दिवसाची नोंद उघडून बसले. 'आज काही ऐकू आलं नाही.' पेन्सिलीनं खोडलं. मग वर काय लिहू? मग शेवटचं प्रकरणही जाईल. मुलींच्या वर्गात सगळ्या रडल्या, ते प्रकरण.

खोडरबरानं पेन्सिल पुसली. कागद तिथं काळपट झाला आहे.

५ फेब्रुवारी

सुशीलाचा फोन. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"रविवारी हुबळीला जायाचं हाय. प्रशांतनं गाडी सांगितल्या. तुमी सकाळी गडहिंग्लजला येऊन थांबा."

"मी?"

"आमी काय त्येंचा फोन ऐकल्याला न्हाय. तुमीच ऐकलाईसा. तितं गेल्यावर काय ध्यानात आलं तर येईल."

"सुशीला, अडतीस वर्षं झाली. तो आता बासष्टचा असेल. असला तर."

"मग? बासष्ट म्हंजे काय म्हातारा झाला व्हय?"

९ फेब्रुवारी, हुबळी

गाडीत प्रशांत पुढं, आम्ही दोघी मागं. मधे पिशव्या. प्रशांत माझ्याशी बोलत नाही, पण संकेश्वरच्या पुढं थांबलो तेव्हा माझ्यासाठीही चहा सांगितला.

सुशीलानं जुना फोटो मोठा करून आणला आहे. लग्नातला, मुंडावळ्यांसकट. शेजारच्या स्वतःला कापून टाकलं आहे.

स्टेशनजवळ ट्रंक कॉल लागायचे ते जुनं तारघर कुठं होतं, विचारत फिरलो. एकानं दाखवलं, तिथं आता बँक आहे. सुशीला कन्नडमध्ये बोलते तेव्हा वेगळीच बाई वाटते, मोठ्या आवाजाची, हसरीसुद्धा. अण्णा, अक्का, अज्जा, सगळ्यांना नातं लावून विचारते. रेडिओ दुरुस्तीची दुकानं, खानावळी, मठातली पंगत. शशिकांतला रेडिओ उघडायचा नाद होता, हे मी सांगितलं. तिला माहीत नव्हतं. संसार सहा महिन्यांचा.

बँकेच्या पायरीवर तिनं मला बसवलं. "डोळं झाका. बघा काय येतंय का."

रिक्षा, कुकरची शिट्टी, कुणीतरी कन्नडमध्ये शिव्या देत होतं. आणखी काही नाही. नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं.

११ फेब्रुवारी, हुबळी

तिसरा दिवस. (लिहिल्यावर लक्षात आलं.)

प्रशांत कामावर परतला, सकाळच्या गाडीनं. जाताना आईला म्हणाला, चार दिवसांत ये. मला म्हणाला, "आत्ती, गोळ्या वेळेवर घ्या." एवढंच.

एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं फोटो बराच वेळ बघितला. मराठी माणूस होता एक, म्हणाला, पलीकडं गोकुळ रोडला पंखे दुरुस्त करायचा. नाव आठवत नाही. केव्हाचं? वीस वर्षं झाली असतील, की तीस. होता हे खरं की आमचं तोंड बघून बोलला, कळत नाही. सुशीलानं त्याला दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही.

लॉजखालच्या खानावळीत जेवलो. तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "त्यो परत फोन करील असं तुमाला खरंच वाटलं व्हतं?"

"हो. अगदी खरं."

"मलाबी तसंच वाटलं असतं."

जेवत राहिली. मी घास उचलणार तेवढ्यात म्हणाली,

"पर मी ठेवला नसता."

मी मान हलवली. तिनं पोऱ्याला हाक मारून आणखी ताक मागितलं. दोन ग्लास.

खोलीत ती आता फोटोची घडी सरळ करत बसली आहे. वाचक मंडळाला, प्रकाशकांना, कुणाला काही कळवलेलं नाही. परत कधी जायचं विचारलं तर म्हणाली, बघू की. पिशवीत तिनं आठ दिवसांची लुगडी आणली आहेत. मी दोनच आणली होती.

उद्या गोकुळ रोड. आठला निघायचं म्हणते.